निबेला लागलेला दुसरा हात

आमच्या घरात रविवारी दोन अंघोळी असत. आधी माणसांची, मग पेनांची. माणसांच्या अंघोळीला अण्णा घाई करायचे, ‘चला, उरका’ म्हणून न्हाणीच्या दारावर थापा मारायचे. पेनांच्या अंघोळीला मात्र अख्खी सकाळ. आई बंबात उरलेलं कोमट पाणी पितळी वाटीत काढून द्यायची. अण्णा खिडकीखाली जुन्या धोतराचा तुकडा अंथरायचे आणि पाचही पेनं उघडून त्यावर मांडायचे. टोपण वेगळं, निब वेगळी, निबेखालची काळी जीभ वेगळी. पहिलं पाणी गर्द निळं व्हायचं, दुसरं फिकट, आणि तिसऱ्या पाण्याला काहीच रंग उतरला नाही की घरातलं आजारी माणूस बरं झाल्यासारखं समाधान अण्णांच्या तोंडावर दिसायचं. शेजारी माझ्या मैत्रिणीच्या, पद्माच्या घरात हातमाग चालू असायचा, खटक-खट, खटक-खट. इकडं आई खलबत्त्यात शेंगांची चटणी कुटत असायची, आणि ह्या दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत अण्णा हळूच निबेवर फुंकर मारायचे. लसूण आणि शाई ह्यांचा मिळून एक वास होतो. तो कुणाला सांगून पटत नाही, पण मला तो अजून रविवारचा वास वाटतो.

अण्णा म्हणजे माझे वडील. मूळचे करकंबचे, चार भावांत तिसरे. गावच्या मास्तरांनी त्यांचं अक्षर बघून आजोबांना सांगितलं होतं की ह्या पोराच्या हातात खुरपं देऊ नका. त्या अक्षराच्या जोरावर ते सोलापुरात मुलींच्या एका हायस्कुलात क्लार्क झाले, नव्या पेठेच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन राहिले, आणि पुढं त्यांच्याच शाळेत मी शिकले. त्यांची गंमत अशी की बोलायचे करकंबचं आणि लिहायचे एखाद्या शास्त्रीबुवांसारखं. त्यांच्या हातचा शाळा सोडल्याचा दाखला मुली सासरी जाताना लुगड्यांच्या घडीत ठेवून न्यायच्या. ‘आपलं रान ह्येच,’ कोऱ्या कागदावरून तळवा फिरवत ते म्हणायचे, ‘अक्षर नासलं की पीक गेलं म्हनून समज.’

पाच पेनांची पाच कामं होती. दोन शाळेत जायची, एक लाल शाईचं, एक गावाकडच्या पत्रांचं. पाचवं मरून रंगाचं, सोनेरी निबेचं, ते घराबाहेर पडत नसे. ओळखीतल्या लग्नमुंजीच्या पत्रिकांवर पत्ते घालायला तेवढं निघायचं. शाळेत ते न्यायचं नाही, कारण तिथं कुणीतरी ‘जरा पेन बघू’ म्हणतं आणि परत देताना टोपण कुठं गेलं ते सांगता येत नाही. घरातही त्याला कुणी हात लावायचा नाही. ‘निब एका हाताला लागलेली असती,’ अण्णा बजावायचे. ‘दुसऱ्या हातात गेली की बिघडती.’ हे त्यांचं खूळ आहे असं आई आणि मी धरून चाललो होतो.

आज माझ्या टेबलावर त्यांच्यापेक्षा जास्त पेनं आहेत, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. शाईची कार्ट्रिजं बघून अण्णांनी नाक मुरडलं असतं, ‘इकतची भाकरी’ म्हणाले असते. मला मात्र नवं कार्ट्रिज आत दाबताना बोटांना जो ‘टच्’ असा बारीक धक्का लागतो तो फार आवडतो. चांगली जेल रिफिल कागदावरून न अडखळता गेली की माझा दिवस बरा जातो. परवा नव्या पेठेत रिफिल मागितली तर दुकानदार म्हणाला, ‘मावशी, नवीन पेनच घ्या की. रिफिल कोण बदलतंय आता?’ म्हटलं, ‘मी बदलते. हातात बसलेलं पेन आहे, ते कशाला टाकू?’ बिचाऱ्यानं तीन खोकी उपसली आणि शोधून दिली. मी इतकी खूश झाले की रिक्षा न करता चालत घरी आले. सुनेला ह्याचं हसू येतं. येऊ दे. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत लिहिणं ही मला शिक्षा होती, हे तिला कुठं माहीत आहे?

मी डावखुरी. पहिलीत पाटीवर डाव्या हातानं पेन्सिल धरली तेव्हा बाईंनी ती काढून उजव्या हातात दिली, आणि घरी आल्यावर अण्णांनी डाव्या हाताला रुमाल बांधला. रुमाल मऊ होता, गाठ सैल होती. त्यांनी मारलं नाही, ओरडले नाहीत. मला मांडीवर घेतलं आणि ‘ह्या हातानं, बाळा, ह्या हातानं’ म्हणत माझा उजवा हात आपल्या हातात धरून अक्षरं गिरवून घेतली. अण्णा दुष्ट नव्हते. त्यांना मनापासून वाटायचं की डाव्या हाताला अक्षर येत नाही. आपली ओळ डावीकडून उजवीकडं जाते, मागून येणारा डावा हात ओली शाई पुसतच जाणार. त्यात शाळेच्या क्लार्कचीच पोरगी डावरी निघाली तर लोक काय म्हणतील? पुढं रुमाल सुटला, पण सवय मोडायची ती मोडली. उजव्या हाताचं माझं अक्षर अण्णांनी इतकं घोटून घेतलं की वर्गात तसं कुणाचंच नव्हतं. फक्त ते गोगलगाईच्या चालीनं यायचं. चार ओळी झाल्या की मनगट भरून यायचं, अंगठा आखडायचा, आणि डावा हात बाकाखाली रिकामा बसून राहायचा.

खालच्या इयत्तांत हे खपून गेलं. मॅट्रिकच्या वर्षी खपेना. उत्तर येत होतं, पण उरकत नव्हतं. सहा प्रश्नांतले चार होईपर्यंत घंटा वाजायची. सहामाहीला इतिहास आणि मराठी अशा दोन विषयांत मी नापास झाले. दोन्ही पेपरांवर बाईंनी एकच शेरा मारला होता, ‘अक्षर उत्तम, पेपर अपूर्ण’. मग मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, वर्गात येऊन सांगून गेल्या की पूर्वपरीक्षेत जी नापास होईल तिचा मॅट्रिकचा फॉर्म यंदा जाणार नाही. फॉर्म भरायचं काम अण्णांचं. वर्गातल्या सगळ्या मुलींचे फॉर्म देखण्या अक्षरात भरायचे आणि स्वतःच्या पोरीचा कोरा ठेवायचा, अशी वेळ येणार हे त्यांनाही दिसत होतं. ते जेवताना नुसतं ‘सराव वाढव’ म्हणायचे. पद्माची मोठी बहीण अशीच ‘एक वर्ष’ म्हणून घरी बसली होती, ती मागावरच बसली, परत शाळेत आली नाही. मला शिक्षिका व्हायचं होतं. मी फार घाबरले होते.

शाळा पाचला सुटायची आणि अण्णा साडेसहाला यायचे. दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी, उजवा अंगठा इतका दुखत होता की धरवेना, म्हणून मी पेन डाव्या हातात घेतलं. माझ्या शाळेच्या पेनाची निब स्वस्तातली. डाव्या हातात पेन ओढलं जात नाही, ढकललं जातं, त्यामुळं ती कागदात रुतायला लागली. तेव्हा मी अण्णांचा खण उघडला आणि मरून पेन काढलं. ते रुतलं नाही. पहिल्या दिवशी अक्षरं वेडीविद्री आली, आठवड्यानं सरळ झाली, आणि महिन्याभरात माझा डावा हात असा धावायला लागला की डोक्यातलं वाक्य संपायच्या आत कागदावर संपायचं. अक्षरं सगळी आत होतीच, त्यांना दार मिळालं. तो आनंद मी कुणाला सांगू शकत नव्हते. सहा वाजले की पेन पुसून खणात, आणि मी मोरीत. डाव्या तळव्याची कड निळीशार झालेली असायची. पहिल्या दिवशी साबणानं ती जाईना तेव्हा मागून आईचा हात पुढं आला. हातात पिळलेल्या लिंबाची फोड होती. दुसऱ्या दिवसापासून मोरीच्या कट्ट्यावर रोज एक फोड ठेवलेली असायची.

मग अण्णांचं मरून पेन खरखरायला लागलं. कुणाच्या तरी मुंजीच्या पत्रिका घेऊन बसले होते, पहिल्याच पत्त्यावर निब अडली. त्यांनी पेन दोनदा धुतलं, तीनदा धुतलं. मग शाई खराब म्हणाले. दौत घेऊन तडक दुकानात गेले आणि शाईत पाणी घालता काय म्हणून भर रस्त्यात त्या शाईवाल्याशी भांडून आले. एरवी कुणाशी चढ्या आवाजात न बोलणारा माणूस! दुकानदारानं दुसरी दौत दिली, तीही खरखरली. मी हे सगळं तोंड मिटून बघत होते. रोज ठरवायचे की उद्यापासून पेनाला हात लावायचा नाही, आणि रोज शाळेतून आले की खण उघडायचे. पूर्वपरीक्षा जवळ आली होती.

शेवटी एका शनिवारी, शाळा अर्धी होती तेव्हा, अण्णा मला बरोबर घेऊन रसूलचाचांकडं गेले. रसूलचाचा नव्या पेठेत एका कापडदुकानाच्या पायरीवर लाकडी पेटी घेऊन बसायचे आणि फक्त पेनं दुरुस्त करायचे. एवढ्या वर्दळीत, रिक्षांच्या आवाजात, हा माणूस डोळ्याला भिंग लावून निबेच्या टोकाकडं बघत बसलेला असायचा. त्यांनी अण्णांच्या पेनाची निब उजेडाकडं धरली, फिरवली, पुन्हा फिरवली.

‘अण्णा, इस निब कू दो हातां लगे हैं,’ ते म्हणाले.

‘शक्यच न्हाय,’ अण्णा म्हणाले. ‘ह्याला माझ्याबिगर कुणी शिवत न्हाय.’

‘एक तो तुमाराच है. दुसरा उल्टा हात है, डावा. ये देखो, ये बाजू की पाकळी ऊपर सरक गई. सीधे हात से ऐसा होताच नै.’ त्यांनी भिंग खाली घेतलं, आणि त्यांची नजर अण्णांवरून माझ्याकडं आली. मी हात परकराच्या घोळात लपवला. तेवढ्यानं सगळं कळलं. अण्णांनी माझा हात बाहेर काढला, तळवा उलटा करून बघितला. लिंबानंही न गेलेली निळी कड तिथं होती.

‘मारनेका नै हां बच्ची कू,’ रसूलचाचा घाईनं म्हणाले. ‘हात अल्ला का दिया सो है.’

अण्णांनी मारलं नाही. पेन खिशात घातलं आणि घराकडं निघाले. घरी येऊन टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, ‘त्या शाईवाल्याला चार लोकांम्होरं वाट्टेल ते बोललो मी. किती दिस चाललंय ह्ये?’

‘दिवाळीपासनं,’ मी म्हटलं.

‘मला म्हाईत हाय,’ आई चुलीपासून उठत म्हणाली. ‘लिंबं उगंच न्हाईत संपत.’

‘मग मला सांगायचं न्हाय व्हय?’

‘सांगितलं असतं तर तुमी परत रुमाल काढला असता की.’

आईनं त्यांना असं उत्तर दिलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. अण्णांनी मरून पेन माझ्यापुढं ठेवलं, वही ठेवली आणि म्हणाले, ‘लिव. ज्या हातानं लिवतीस त्या हातानं, माझ्याम्होरं लिव.’ मी रडत रडत इतिहासाचा एक प्रश्न लिहिला. खरखरत्या निबेनं, नाक पुसत, शाई फासत लिहिला. ते माझ्याकडं बघतच नव्हते, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. लिहून झालं तेव्हा पुटपुटले, ‘अकरा मिनिटं.’ मग वही उलटून सहामाहीच्या सरावाचं पान काढलं. तोच प्रश्न उजव्या हातानं लिहिलेला, आणि वर त्यांच्याच अक्षरात टिपलेली वेळ, सव्वीस मिनिटं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, पण पेनांची अंघोळ झाली नाही. अण्णा खिडकीखाली बसले, पुढ्यात कागद घेतला, आणि पेन डाव्या हातात धरलं. मला वाटलं ते माझी चेष्टा करतायत. पण ते मान खाली घालून लिहायला लागले. एक ‘मा’ काढायला त्यांना किती वेळ लागला! जीभ दातांत धरलेली, कपाळावर घाम, खांदा कानापर्यंत आलेला. काना तिरका पडला, वेलांटी वरच्या ओळीत घुसली, तळव्यानं अर्धी ओळ पुसली. आई दोनदा जेवायला हाक मारून गेली. भाकरी गार होऊन कडक झाली, तरी ते उठले नाहीत. ज्यांच्या अक्षरासाठी लोक लांबून पत्रिका घेऊन यायचे ते माझे वडील बिगरीतल्या पोरासारखे लिहीत होते, आणि मला ते बघवत नव्हतं. ‘अण्णा, नका ना,’ मी म्हटलं. ते वर न बघता म्हणाले, ‘तू धा वर्सं केलंस की. मला एक सकाळ करू दे.’

सोमवारी पहिल्या तासाला मला मोठ्या बाईंच्या खोलीत बोलावणं आलं. अण्णा टेबलासमोर उभे होते. मोठ्या बाई भयंकर संतापलेल्या होत्या. त्यांच्या हातात तो कागद होता.

‘हे बघा,’ त्या अण्णांना सांगत होत्या, ‘कुणीतरी चावट मुलीनं तुमच्या नावानं खोटं पत्र माझ्या टेबलावर ठेवलंय. म्हणे माझ्या मुलीला डाव्या हाताने पेपर लिहिण्याची परवानगी मिळावी. निदान तुमच्या अक्षराची नक्कल तरी नीट करायची! हिचंच काम असणार, म्हणून हिला बोलावलं.’

‘बाई, पत्र माझंच हाय,’ अण्णा म्हणाले.

‘काहीतरीच काय? तुमचं अक्षर मी ओळखत नाही?’

‘डाव्या हातानं लिवलंय. पाच ओळींना अख्खी सकाळ गेली. हात दुखतोय अजून.’ शाळेत अण्णा कधी गावाकडचं बोलत नसत, त्या दिवशी त्यांना भान नव्हतं. ‘बाई, नको त्या हातानं लिवलं की कसं होतं ते मला ठावंच नव्हतं. ह्या पोरीला मी पहिलीपासनं असं लिवायला लावलं. तिला सगळं येतंय बाई. तिला फकस्त वेळ पुरत न्हाय. चूक तिची न्हाय, माझी हाय.’

मोठ्या बाईंनी पत्र पुन्हा वाचलं. मग माझ्याकडं न बघता एक कोरा कागद आणि पेन पुढं सरकवलं. मी उभ्यानंच टेबलावर वाकून डाव्या हातानं चार ओळी लिहिल्या. त्यांनी चष्मा वर केला. ‘ओळीत आहे,’ म्हणाल्या. ‘सुवाच्य आहे.’ आणि अण्णांच्या त्या वेड्यावाकड्या पत्राच्या कोपऱ्यात त्यांनी ‘मंजूर’ लिहून सही केली.

त्याच संध्याकाळी अण्णांनी मला रसूलचाचांकडं नेलं, आणि वाटेत शाईवाल्याच्या दुकानात शिरून हात जोडून त्याची माफी मागितली. चाचांनी मला डाव्या हातात पेन धरायला लावलं, माझं मनगट कसं वळतं ते दोनदा बघितलं, आणि एक नवी निब पाण्यात भिजवलेल्या बारीक दगडावर घासायला घेतली. जरा घासायची, जुन्या वर्तमानपत्रावर गिरवून बघायची, पुन्हा घासायची. कागद उजवीकडं तिरका ठेवायचा, हात ओळीच्या खाली ठेवायचा म्हणजे शाई पुसत नाही, हेही त्यांनीच शिकवलं. मग ती माझ्या शाळेच्या पेनात बसवून पेन माझ्या हातात दिलं. मी ओळ लिहिली. काही आवाजच आला नाही. मी पुन्हा लिहिली, आणि मग लिहीतच सुटले, वर्तमानपत्राची अख्खी कड भरून टाकली. रसूलचाचा मोठ्यानं हसले. कुणीतरी माझ्या हातासाठी मुद्दाम काही करावं, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

पूर्वपरीक्षेत पहिलाच पेपर इतिहासाचा होता. काही मुली वळून वळून माझ्या हाताकडं बघत होत्या. थोडा वेळ मला ते जाणवलं, नंतर जाणवेनासं झालं. चौथा प्रश्न झाला, पाचवा झाला, आणि उत्तरपत्रिकेचं शेवटचं पान संपलं तरी भिंतीवरच्या घड्याळात अजून वेळ होता. शाळेतल्या इतक्या वर्षांत मी कधी पुरवणी मागितली नव्हती. मी हात वर केला. ‘बाई, पुरवणी,’ मी म्हटलं. आमच्या शाळेत पुरवण्या आणि बांधायचा दोरा घेऊन वर्गावर्गांतून फिरायचं काम क्लार्कचं असे. बाईंनी दारातून खूण केली आणि अण्णा आत आले. परीक्षा चालू असताना क्लार्कनं मुलींशी बोलायचं नाही असा नियम होता, आणि अण्णा नियमाचे पक्के. माझ्या बाकाजवळ आले, गठ्ठ्यातली एक पुरवणी काढली, दोऱ्याचा तुकडा काढला, वाकून दोन्ही माझ्या डाव्या हाताशी ठेवलं, आणि पुढच्या वर्गाकडं निघून गेले.